मासे, मासे, खेकडा

बुधवारी पाच वाजता हॉलची किल्ली माझ्याकडे.
खुर्च्या भिंतीला लावायच्या, हीटर पेटवायचा,
बॅडमिंटनच्या जाळीची घडी घालायची
आणि दाराबाहेर बसायचं.
एवढ्याचेच पैसे मिळतात मला.

रुम्याना येते ती मासळीच्या कारखान्यातून थेट.
सकाळभर हॅडकचे काटे काढलेले हात,
लिंबाने धुतले तरी वास जात नाही.
मुलं नाक मुरडत नाहीत.
पीटरहेडमध्ये ज्याच्या घरात तो वास नाही
त्याच्या घरात बहुधा पगारही नाही.

पहिल्या बुधवारी ती म्हणाली, आज बल्गेरिया.
कुठे आला तो? कुणीतरी विचारलं.
भिंतीवरच्या नकाशाकडे ती गेलीच नाही.
म्हणाली, सात मात्रांत आहे.
दोन, दोन, तीन. उभे राहा.

आणि उडाली त्रेधा!
इथल्या पायांना सवय जोडीची,
एक हा, एक तो, जिना उतरल्यासारखी.
सातवी मात्रा आली की प्रत्येकाकडे
एक पाय शिल्लक उरायचा,
टेकवावा कुठे ते कळायचं नाही.

तेव्हा इग्नास, लिथुआनियाचा,
जो शाळेत तोंड उघडत नाही
(उघडलं की पोरं त्याच्या उच्चारांची नक्कल करतात),
भिंतीशी उभा राहून पुटपुटला:
मासे, मासे, खेकडा.

मासे, मासे, खेकडा.
मासे, मासे, खेकडा.
बावीस पाय एकदम जमिनीवर,
आणि खेकड्याचं शेवटचं पाऊल तिरकं, अस्सल.
बाहेर माझी लादी पुसणं बिघडलं ते तेव्हापासून.
फडकं दोनदा सरळ जातं, तिसऱ्यांदा वाकडं.

मग क्वार्टे आला, ट्रॉलरवरचा, घानाचा,
रबरी बूट दारात काढून.
घंटा आणायची राहिली म्हणून माझी बादली घेतली.
अख्खा तास त्याने ढोलाला हात लावू दिला नाही.
आधी हिचं ऐका, म्हणाला,
ही चुकली की गाव चुकतं.
मुलं कंटाळली. मग कंटाळायची थांबली.

मग रोडेलियो, फिलिपाईन्सचा.
दोन बांबू आपटत राहतात, उघडतात, मिटतात,
आणि मधून पाय वाचवत नाचणारा पाणपक्षी.
बांबू कुठले इथे? माझे झाडू!
दोन दांडे तडकले.
मी समितीला लेखी कळवलं.

रुम्यानालाही बोललो त्या दिवशी:
तासाला एक देश. हे शिकणं की चाखणं?
ती बूट बांधत होती.
म्हणाली, सकाळी माझ्या हातून
तासाला शेकड्याने मासे जातात,
एकालाही मी कुठून आलास विचारत नाही.
संध्याकाळी निदान तेवढं विचारते.
हीटर बंद करा, सहा वाजले.

मला ते पटलं असं नाही.

पण शनिवारी धक्क्यावर होतो, मफलर कानाला.
रोडेलियोची बोट सुटत होती,
वारा उत्तरेचा, तोंड सोलणारा.
कर्स्टी, सात वर्षांची, वडिलांचा हात सोडून
दोरखंडाच्या दोन वेटोळ्यांमध्ये उभी राहिली
आणि लागली उड्या मारायला,
आत, आत, बाहेर,
जणू खाली खरंच काही मिटतंय.

डेकवर तो जाळी आवरत होता.
बघितलं की नाही, सांगता येत नव्हतं.
मग त्याने दोन रिकाम्या पेट्या उचलल्या
आणि आपटल्या एकमेकींवर.
ठक, ठक, कडाड.
बोट वळेपर्यंत आवाज येत होता,
थोडा उशिरा, पाण्यावरून येतो तसा,
आणि कर्स्टी त्या उशिराला धरून
पाय उचलत होती, अचूक.

तिचे वडील माझ्याकडे बघून हसले.
मी थंडीकडे बोट दाखवलं.

येत्या बुधवारी कुठला देश, मला माहीत नाही.
मी नवे झाडू मागवलेत.
चार जास्तीचे.