पाणवठा क्रमांक नऊ

वैशाखी पौर्णिमा, वन्यप्राण्यांची गणती.
बामणोलीहून लाँचनं दीड तास, मग उभी चढण,
जळवा अजून मातीत झोपलेल्या,
आणि अंजनीवर बांधलेलं मचाण.
मी, वनरक्षक हेमलता गोळे,
शेजारी धाकलू ढेबे, वनमजूर,
जंगल त्याला तोंडपाठ
आणि सही करायची तर अंगठा.

तक्ता छापील :
वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लू, शेरा.
सात दहा, भेकर, मादी, एक.
आठला पाच कमी, साळिंदर;
दिसलं नाही, काटे वाजले,
म्हणून शेऱ्यात लिहिलं 'आवाज'.
नऊपर्यंत गवे अकरा.
मग जांभळीचा शेंडा हलला
वारा नसताना.

शेंडा नव्हताच तो.
"लांबमान्या," धाकलू म्हणाला,
एसटी आली म्हणावं तसं.

सहा होत्या. पोटाखालून एक पिल्लू,
गव्याएवढं, तरी पिल्लूच, आईच्या पायात पाय घालणारं.
पाऊल पडलं की माझ्या दाढांत कळायचं.
पाठीवर शेवाळ, शेवाळात आमरी फुललेली,
एकीच्या खांद्यावर घुबड,
ते काही उठलं नाही.
मागून तुरतुरे, कोंबड्याएवढे, दोन पायांवर,
शाळेला उशीर झालेल्या पोरांसारखे.
आधी पाण्यातला चंद्र प्यायला गेला,
मग पाणी.

बेडूक ओरडतच होते. अचानक थांबले.

कड्याच्या कपारीतून तो उतरला,
पंख मिटून, चालत.
ड्रॅगन म्हणजे जाळ, एवढंच मला ठाऊक;
याचं तोंड घट्ट बंद.
"वैशाखात तो तोंड उघडत न्हाई, बाई.
गवात वाळल्यालं. निखारा गिळून बसतो."
पिल्लाचं पिऊन होईतो तो थांबला.
मग त्यानं जीभ लावली, आणि
तव्यावर शिंतोडा पडावा तसं
चर्र झालं.

लांबमान्या थंडीत अंडी घालतात त्याच्या उशाला,
तुरतुरे त्याच्या पंखांतल्या गोचड्या वेचतात,
सात वर्षांनी कारवी फुलून सुकली
की सडा तोच पेटवतो, हवा बघून,
आणि कोवळ्या फुटव्यावर सगळे येतात.
कोण कुणाचं देणं लागतं?
धाकलूला प्रश्नच कळला नाही.

मी पेन्सिल काढली.
"नर का मादी?"
"त्येला इचारा."

तेवढ्यात त्यानं वर पाहिलं.
डोळा पितळी, तांब्यासारखा, घासलेला.
एक शिंक आली असावी त्याला,
ती त्यानं दाबली,
नाकातून ठिणगी सुटलीच,
फिरत फिरत माझ्या तक्त्यावर बसली.
धाकलूनं अंगठ्यानं विझवली.
अंगठा उठला तिथंच, सहीच्या जागी.

पहाटे खाली उतरलो.
ठसे घ्यायला ऑफिसनं प्लास्टर दिलेलं, दीड किलो.
एका नखाला पुरलं नसतं.
मी त्या पावलात आडवी होऊन पाहिलं :
डोक्याकडे हातभर जागा उरली,
आणि माती अजून कोमट होती.

लाँचमध्ये धाकलू एवढंच बोलला,
"काय बी लिवा. जागा तेवढी लिवू नगा."

साहेबांनी तक्ता उलटसुलट केला.
"कोपरा कसा जळला?"
"चहा करताना."
त्यांनी वास घेतला, माझ्याकडे पाहिलं,
शिक्का मारला.

नऊ ते पाच : निरंक.
शेरा : पाण्याची पातळी एका रात्रीत
दोन हात खाली.
कारण, बाष्पीभवन.