पाच तारा, दोन तारा

गाडीला छप्पर म्हणजे नुसती ताडपत्री,
चार बटणं काढली की आत हात जातो.
हिला कुलूप कशाला, इम्तियाजनं विचारलं
कीथलीच्या त्याच्या दुकानात,
खोका काउंटरवर सरकवत.
नेव्हिल म्हणाला, असू दे.

तो अशीच उत्तरं देतो.
एकेचाळीस वर्षं मी ती साठवून ठेवलीत,
कधी उपयोगी पडतील म्हणून.

गाडी त्यानं सुट्या भागांतून जुळवली, सहा हिवाळे.
फायबरचं अंग, भंगारातल्या सिएराचं इंजिन,
दारांची कुलपं कुठल्याशा व्हॅनची.
कारखान्यातल्या गाडीला जिथे भोकं असतात
तिथे हिला कोरी भिंत.
प्रत्येक भोक आपलं आपण ठरवायचं
आणि मग त्याच्याशी आयुष्यभर निभवायचं.

मी टॉर्च धरते, डाव्या हातानं.
उजवा ऑक्टोबरपासून छातीच्या वर जात नाही.
ड्रिल फिरतं, पांढरी धूळ बाहीत शिरते,
रात्री अंथरुणातसुद्धा खाजते.

खोक्यात दोन मोटरी. एकीला पाच तारा, एकीला दोन.
पाचवाली हुकूम सोडते, दोनवाली ऐकते,
आकृतीवर बोट ठेवून त्यानं सांगितलं:
पाचवाली ड्रायव्हरच्या दारात.
मी म्हटलं, आपल्या घरात कुणाला किती तारा
ते एकदा मोजू या.
तो हसला नाही. स्क्रू तोंडात होता.

सळई आखूड पडली,
म्हणून माझ्या जुन्या सायकलचा आरा काढला,
वाकवला, काढला, पुन्हा वाकवला.
काच खाली केली तर ती मोटरच्या डोक्यावर बसली.
सगळं सोडवून दोन बोटं मागे.
बिजागरीपाशी तारेला ढील ठेव, तो पुटपुटला,
ताणली की तिथेच तुटते.
हे कुणाला सांगत होता कोण जाणे.

पूर्वी असं असायचं:
पावसात, सामानासकट,
तो आधी माझं दार उघडायचा,
मग बॉनेटला वळसा घालून आपल्या बाजूला यायचा,
तेवढ्यात मी आतून आडवी होऊन
त्याच्या दाराची खुंटी वर ओढलेली असायची.
कधी ठरलं नव्हतं. पाच गाड्या झाल्या, हे चालूच.
भांडण झालेलं असलं तरी ओढायचे,
फक्त जरा उशिरा,
कॉलर भिजेल इतपत.

ऑक्टोबरनंतर तो बाहेर उभा राहून
खिशात किल्ली चाचपायचा,
जणू त्यालाच घाई नाही.

आज टॉर्च फिरवताना मी तारा मोजल्या.
माझ्या दारात पाच.
म्हटलं, नेव्हिल, उलट झालंय,
आकृतीत पाचवाली तुझ्याकडे आहे.
असू दे, तो म्हणाला,
आणि दाराचा पुठ्ठा लावायला घेतला.

पहिल्यांदा किल्ली फिरवली माझ्या दारात,
खट्, माझं उघडलं,
खट्, त्याचं बंद झालं.
निळी आणि हिरवी अदलाबदल झालेली.
तो चहा टाकायला आत गेला
आणि मी एकटीच किल्ली फिरवत राहिले.
माझं बंद, त्याचं उघडं.
माझं उघडं, त्याचं बंद.
अशी काही वर्षं आम्ही काढलीत, सालं आठवत नाहीत.

चहानंतर दोन तारा बदलल्या. फ्यूज पंधराचा.
मार्चमध्ये, टेकडीवर कुठेकुठे बर्फ असताना,
गाडी बाहेर काढली, हॉवर्थपर्यंत जाऊन आलो.

परतताना त्यानं दुकानापाशी माझं दार उघडलं
आणि पलीकडची खुंटी आपोआप उडाली.
मी बसले. तो वळसा घालून निघाला.
माझा हात तरीही उठला,
गिअरच्या दांड्यापर्यंत गेला,
मग मांडीवर परत.

बाहेर, उघड्या कुलपाच्या दारापाशी,
तो क्षणभर थांबला.
का, ते मी विचारलेलं नाही.