उतारा क्रमांक चार

पहिल्याच दिवशी कुंभोजकर सरांनी विचारलं,
उतारा म्हणजे काय?
मी म्हटलं, तलाठ्याकडे मिळतो तो.
नव्या पेठेतला अख्खा तिसरा मजला हसला,
वरचा पत्रासुद्धा.
सर हसले नाहीत. म्हणाले, तोही वेळेत मिळत नाही.

मग फळ्यावर लिहिलं: आठ मिनिटं, पाच प्रश्न.
आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा.
म्हणजे दारातच उभं राहून ठरवायचं
काय काय उचलायचंय इथून,
आणि मगच चप्पल काढायची.
‘केवळ’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’
असं छातीठोक बोलणारा पर्याय बहुतेक खोटा.
(माणसांबद्दलही हे कुणी आधी सांगायला हवं होतं.)
‘परंतु’ला गोल करा, लेखक तिथे कूस बदलतो.
घरून आणलेलं ज्ञान घरीच ठेवा.
आणि बाळांनो,
उतारा आवडून घेऊ नका.

हे मला जड गेलं.
मी उताऱ्यांवरच वाढले.
मासे बांधायला आई किलोवर रद्दी आणायची,
चिलापीचे खवले बोटाने सारत मी वाचायचे
खुनाच्या बातमीचा मधला भाग,
कुणाच्या तरी लग्नाची अर्धी गोष्ट,
राशिभविष्यातली नुसती तूळ.
सुरुवात एका गिऱ्हाइकाबरोबर गेलेली,
शेवट दुसऱ्याच्या पिशवीत.
योग्य शीर्षक सुचवा, असं कुणी म्हणायचं नाही.
आईची हाक आली की वेळ संपली.

आता अभ्यासिकेत सत्तेचाळीस नंबरची खुर्ची.
शेजारी अश्लेषा, स्टॉपवॉच लावून जांभई देते.
मेसच्या उसळीतही मी हल्ली
आधी मुद्दा शोधते.

परवाच्या सराव पेपरात, उतारा क्रमांक चार:
जलाशय आणि स्थलांतरित पक्षी.
नाव दिलं नव्हतं, तरी ओळखलं मी.
भीमेचं फुगलेलं पाणी, रोहित पक्षी, बाभळी,
आमचंच सगळं, इस्त्री केलेलं.
धरणाने परिसराचा कायापालट झाला,
परंतु (गोल केला)
पर्यटनाला अजून वाव आहे.
प्रश्न तेवीस.
उताऱ्यानुसार विस्थापितांची स्थिती कशी आहे?
अ समाधानकारक. ब हलाखीची.
क केवळ पर्यटनावर अवलंबून.
ड उताऱ्यात उल्लेख नाही.

‘केवळ’ होतं म्हणून क लगेच खोडला.
मग पेन थांबलं.
मे महिन्यात पाणी मागे सरतं
तेव्हा आजोबांच्या घराचं जोतं वर येतं,
चिखलात उंबऱ्याचा दगड.
लहानपणी मी तो ओलांडून आत जायचे,
आत म्हणजे काय, दुसऱ्या बाजूच्या चिखलात.
आजोबा म्हणायचे, पाय पुसून ये गं.

घड्याळाने सांगितलं, साडेचार मिनिटं गेली.
ड काळा केला.
शेवटचा उतारा, साखरेच्या रासायनिक गुणधर्मांवरचा,
वाचायचाच राहिला.

संध्याकाळी लकडी पुलावर उभी होते.
खाली मुठा, जलपर्णी, कुणाचीतरी एक चप्पल.
हे पाणी संगमावर मुळेला मिळेल, मग भीमेला,
आणि काही दिवसांनी आमच्या घाटाला लागेल,
पुण्याने वापरून झालेलं.
त्याला गावी पोचायची घाई दिसत नव्हती.

आईचा फोन आला. काय वाचलंस आज?
म्हटलं, आपल्याबद्दल होतं पेपरात.
काय लिहिलंय?
उल्लेख नाही, असं.
थोडा वेळ नुसता तराजूचा आवाज आला.
मग म्हणाली, बरोबर आलं का पण ते?
आलं.
किती मार्क?
अडीच.
बरे आहेत की, ती म्हणाली,
आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, थांबा हो,
कागद फाडते.