उतार

वेंगुर्ल्याहून आलेल्या जेरोमनं गज टोचला,
म्हणाला, "हंय फुटलो."
आजोबांच्या वेळचा मातीचा पाइप,
आत नीरफणसाची मुळं, न विंचरलेल्या केसांसारखी.

एक तर झाड तोडून सरळ जांभा फोडायचा,
पंचावन्न फूट, फुटाला सातशे;
नाहीतर वळसा, दोन चेंबर जास्त.
वीजबिलाच्या पाठीवर मी आकडे मांडले.
सरळ स्वस्त.

वाटणीपत्रात माड मोजलेत, विहिरीच्या पाळ्या,
पाइपाचं नाव नाही.
नऊ वर्षं दोघा भावांचं बोलणं बंद
आणि खालून दोन्ही घरांचं एकत्रच वाहत होतं.

चर गडग्याला टेकला तेव्हा दिगंबर आला.
वाकून बघितलं. मग जेरोमलाच:
"उतार सारको धर रे.
आणि फणस रवांदे."

मी कागदावर दोन चेंबर वाढवले.