पंचवीसपैकी सात

फ्रेमवाल्याच्या भिंतीला टेकलेला
धुळ्याचा आग्रा रोड:
केळ्यांची गाडी, फाटकं होर्डिंग,
रिक्षातून लोंबणारा एक पाय,
कोपऱ्यात छत्रीखाली
किल्ल्या बनवणारा उखा शिरसाठ.
खाली पेन्सिलीनं ७/२५.

उखानं स्वतःला ओळखलं ते कानशीवरून.
"ह्या पंचवीसमा अस्सल कोनतं शे?"
सगळीच, म्हणाली हेमांगी.
छापून झाल्यावर तांब्याच्या पत्र्यावर
तिनंच आडवा ओरखडा ओढला होता.
सव्विसावं निघायला नको.

उखा हसला.
अर्ध्या गावाच्या कुलपांची नक्कल केलेली त्यानं,
सही एकीवरही नाही.

मग चष्मा वर सारून वाकला.
चित्रातली किल्ली अर्धीच कापलेली.
"गिऱ्हाईक कोठे शे?"

घराला कुलूप, हातात वही,
ती उभी होती
चित्राच्या अलीकडे.