प्रयोजनाचा रकाना

सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांचे प्रवास तपासते
ग्वाल्हेरच्या झाशी रोडवर, ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर.
कोण कुठून कुठे गेला,
जवळचा रस्ता सोडून लांबचा का धरला,
मुक्कामाची पावती आहे का.
लाल शाईने लिहिते : मान्य. अमान्य. खुलासा करावा.
सागर ते नागपूर अंतर मला तोंडपाठ आहे.
सागर मी पाहिलेलं नाही.

खालच्या टपरीवर एक ट्रकवाला म्हणाला होता,
'यहाँ से नाक की सीध में चले जाओ,
समुंदर आ जाएगा.'

नाकासमोर चालणारी मुलगी :
स्थळांना धाडलेल्या पत्रांत बाबा माझ्याबद्दल हेच लिहायचे,
आणि ते खोटं नव्हतं.
फक्त नाकासमोर अडीच हजार किलोमीटर आहेत
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बुलेट शकूरभाईंनी मिळवून दिली, शिंदे की छावणीतून.
आधीचा मालक दूधवाला,
कॅन अडकवायच्या कड्या अजून दोन्ही बाजूंना आहेत.
राहू द्या म्हटलं, सामान लागेल.
मेळा उठल्यावर मैदान मोकळं पडतं,
पाळण्यांच्या खांबांचे खड्डे, गजकाचे चिकट कागद.
तिथे पहाटे गोल गोल फिरून शिकले.
किल्ला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे,
जणू शिकत तोच होता.
पाचव्या दिवशी गाडी अंगावर घेतली.
पोटरीवरचा डाग बघून नलूवहिनी म्हणाली, इस्त्री?
मी म्हटलं, हो.
खुलासा मान्य झाला.

आता रात्री, जेवणं आटोपली की
जुन्या बिलांच्या पाठकोऱ्या बाजूंवर आखत बसते.
मे महिना, पंखा गरम हवाच ढवळतो,
आणि मी कार्तिकातली थंडी हिशोबात धरते.
लिटरला पस्तीस. दिवसाला तीनशे, त्याहून जास्त नाही,
कंबर माझी आहे, सरकारी नाही.
क्लच केबल दोन, प्लग दोन, गुळपापडीचा डबा.
पहिला मुक्काम ललितपूर, दुसरा लखनादौन.
नागपूरला मावसबहीण आहे,
तिला कळवायचं नाही, ती ठेवून घेईल.
खवासा ओलांडला की पाट्या मराठी होतील,
पंक्चरसुद्धा आपल्या भाषेत वाचायला मिळेल.
मग आदिलाबादपुढे अक्षरं गोल होत जातील,
मेळ्याच्या मैदानातल्या माझ्या फेऱ्यांसारखी.
ती वाचता येणार नाहीत. नुसती बघेन.
त्याच्याही खाली सेलम, मदुराई,
जिथे माझ्या बिलांतलंही कुणी कधी गेलेलं नाही.

रजेचा अर्ज बघून तोमरसाहेबांनी विचारलं, तीर्थयात्रा?
म्हटलं, कन्याकुमारी.
खूश झाले. 'तो फिर एलटीसी लीजिए ना!'
स्वतःच्या वाहनाला ती मिळत नाही.
हाच नियम दाखवून मी किती जणांना परत पाठवलंय,
एकजण तर बायकोचे पाय दुखतात म्हणून सांगत होता.
त्याचा चेहरा आता आठवतो.

तक्त्यातले सगळे रकाने भरून झालेत.
एक सोडून : प्रवासाचे प्रयोजन.
तो कोरा असलेलं बिल मी आजवर
कुणाचंही पुढे सरकवलेलं नाही.
समुद्र लिहिलं, खोडलं.
विश्रांती लिहिलं, हसू आलं.

काल पहाटे डबऱ्यापर्यंत जाऊन आले,
केबल टिकते का बघायला.
नाही टिकली.
आंतरीजवळ, वीटभट्टीसमोर, तुटली.
दुसरी बसवायला पाऊण तास गेला,
भट्टीवरची एक पोर शेजारी उकिडवी बसून
पाना हातात देत होती, मागितला नसताना, बरोबर तोच.
कुठे चाललात, असं तिने विचारलंच नाही.

ऑफिसला उशीर झाला.
हजेरीच्या वहीतही रकाना असतो, उशिराचे कारण.
पेन उघडायच्या आधीच
कागदावर अंगठा उमटला, ग्रीसचा, पूर्ण रेषांसकट.
तोमरसाहेबांनी वही तिरकी करून पाहिली,
माझीच लाल शाई मागून घेतली
आणि शेजारी लिहिलं,
मान्य.