फ्लिट

धड्यात फुलपाखरू होतं, त्याला हे क्रियापद.
चोपडा, नववी ब, मधल्या सुट्टीनंतरचा तास,
पंखे बंद. जिनिंगकडच्या खिडकीतून
कापसाचे तंतू येऊन वह्यांवर बसत होते.
"मॅडम, फ्लिट म्हणजे?"

मी म्हटलं, उडणं.
मग म्हटलं, नाही, नुसतं उडणं नाही.
घार उडते. वादळात पत्राही उडतो.
हे हलकं. इथून तिथं, तिथून आणखी कुठं,
बसल्यासारखं करून न बसणं.

"भुर्र," मागून भटू कोळी.
मी फळ्यावर भुर्र लिहिलं आणि पुसलं.
भुर्र एकदाच होतं.

शब्दकोशात तो फ्लर्टच्या खाली, फ्लोटच्या वर.
पोरींनी वरचा शब्द आधी वाचला
आणि एकमेकींच्या खांद्यात तोंडं लपवली.

माझ्या वडिलांना विचारलं असतं,
तर ते म्हणाले असते, "फ्लिट? माळ्यावर आहे."
पत्र्याचा पंप, पुढं गोल डबी, लाकडी मूठ.
दिवेलागणीला ते खोल्या बंद करून घेत,
आम्ही ओट्यावर, नाकाला फडकं,
आत फुस्स, फुस्स.
कितीतरी वर्षं मला वाटायचं,
जे उडतं ते खाली पडणं म्हणजे फ्लिट.

हे वर्गात सांगितलं नाही.
सांगितला केळफुलावरचा शिंजीर.
नाव कुणाला माहीत नव्हतं, पक्षी सगळ्यांना.
"काया, चिडीथून धाकला शे," भटू म्हणाला,
आणि बोटं अशी काही हलवली
की शब्दकोश मी मिटूनच ठेवला.

वाक्यात उपयोग करा.
सगळ्यांनी फुलपाखरूच लिहिलं.
एकटी हर्षाली बेडसे, बाप रेडिओ दुरुस्त करतो,
तिनं लिहिलं: रेडिओचा काटा फ्लिट करतो,
पण स्टेशन लागत नाही.
मी लाल पेननं गोल केला.
काटा निर्जीव आहे. अर्धा गुण कमी.

सोमवारी तिचा बाक रिकामा.
"रातलेच ग्यात त्या, मॅडम."
एक छोटा हत्ती, त्यात दोन खाटा, गॅस,
उघडे पडलेले रेडिओ गोधडीत बांधलेले,
देव बादलीत.
कुणी म्हणे सुरत, कुणी म्हणे शिरपूरच्या पुढं.
घरमालक कुलपाशी उभा, बोटांवर महिने मोजत.
शेजारणीला तेवढं तुळशीचं डबडं दिलं म्हणे,
कुठं चाललो ते नाही.

घरी येऊन शब्दकोश पुन्हा उघडला.
अर्थ पहिला, दुसरा. तिसऱ्यापर्यंत
मी कधी गेलेच नव्हते:
बोलीत, कुणाला न सांगता रातोरात घर सोडणं.

तिची वही तपासायला माझ्याकडे राहिली आहे.
गोल खोडला. त्यामुळे तिथं आता
नुसती लाल गिचमिड दिसते.
अर्धा गुण वाढवला, तो कुणाला सांगू.

दाखला न्यायला अजून कुणी आलं नाही,
म्हणून हजेरीत मी सतरा म्हणते.
सतरा.
अठरा नंबरची घाईनं हजर म्हणते.
त्या दोघींच्या मध्ये
माझं पेन क्षणभर वर राहतं,
कागदाला न टेकता.